ऊट आतेन्री म्हटलं की मी आत्री म्हणायची

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात कुणी पण भेटलं की पहिलं हेच विचारतात, जेवलीस काय गे? कन्नड बोलणारं माणूस असलं तर, ऊट आतेन्री? दोन्हीला उत्तर ठरलेलं. झालं की. आत्री. पोटात काय असो नसो. मी पण जन्मभर तेच उत्तर देत आले, शुगर निघाल्यावर डॉक्टरांना पण तेच दिलं, आणि त्यापायी मे २०२३ मध्ये माझं काय झालं ते लिहितेय. माझ्यासारख्या बायका भट्टीवर, काजूच्या बागेत, शाळेच्या स्वयंपाकघरात किती आहेत ते मला माहीत आहे, त्यांच्या पोरीबाळींनी तरी हे वाचावं.

मी सरकारी मराठी शाळेत बिसिऊट शिजवते. दुपारचं पोरांचं जेवण. घरात सासूबाई, मालक, मी आणि मुलगी, मोठा मुलगा गोव्याला हॉटेलात आहे, जमेल तसं पाठवतो. मालक विटांच्या भट्टीवर जातात पण भट्टीची उचल आधीच घेऊन खाल्लेली असते, म्हणजे काम करतात ते फेडायला, हातात रोख थोडंच. मला त्यावेळी महिन्याला ३,६०० रुपये मिळायचे, ते पण दहा महिने, एप्रिल-मे काही नाही. आणि ते दहा महिन्यांचे पण वेळेवर नाहीत, दोन दोन महिने तुंबून एकदम यायचे.

शुगर निघाली २०२१ च्या शेवटाला. विळीवर पाय पडला होता, साधी जखम, दीड महिना झाला तरी भरेना. गावात तपासणीला आले होते त्यांनी बोट टोचून बघितलं तर ३१२. मला काहीच होत नव्हतं, फक्त रात्री चारवेळा उठायला लागायचं आणि घसा सुकायचा, मला वाटायचं चुलीपुढच्या उष्णतेनं. मग जवळच्या सरकारी दवाखान्यातून मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड सकाळी एक अशा गोळ्या सुरू झाल्या. फुकट मिळायच्या, त्याबद्दल तक्रार नाही. सोबत एक कागद दिला, कन्नडमध्ये, मुलीनं वाचून दाखवला. सकाळी ओट्स नाहीतर दोन चपात्या, अकराला एखादं फळ, दुपारी सॅलड, वरण, दोन फुलके, थोडा भात, चारला मूठभर भिजवलेले मूग, रात्री लवकर जेवण, झोपताना बिनसाखरेचं दूध. दिवसातून सहा वेळा खायचं. सासूबाई ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, एवढं सगळं एकटीनंच खायचं? त्या रागानं नव्हत्या बोलल्या, त्यांना खरंच कळेना की चौघांच्या घरात एकटीसाठी सहा वेळचं आणायचं कुठून. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

आमच्याकडं खायचं काय तर तांदूळ. बीपीएल कार्डावर चौघं. कोरोनात माणशी ५ किलो जास्तीचा मिळत होता तोपर्यंत चाळीस किलोच्या आसपास तांदूळ यायचा, पोट भरायचं. डिसेंबर २०२२ ला तो जास्तीचा बंद झाला आणि जानेवारीपासून पोतं निम्म्यावर आलं. आमच्या घरात दिवसाला एक किलो तांदूळ शिजतो, मोजून. आमच्या दुकानात माल यायचा पंधरा तारखेच्या पुढंमागं (माझा अंगठा पण दोन दोन वेळा लागत नाही, राख-पाण्यानं रेषाच राहिल्या नाहीत, मग मुलीला कॉलेज बुडवून न्यायचं). म्हणजे पंधराला आलेला तांदूळ पुढच्या महिन्याच्या पाच-सात तारखेला संपला. त्यानंतर परत पंधरापर्यंत जे काही असेल ते. उसने तांदूळ, दुकानातली उधारी, आणि चिरमुरे. बेळगावकडच्या माणसाला चिरमुऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको, दहा-वीस रुपयात मोठी पिशवी येते, चहाबरोबर खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं. शुगरच्या माणसाला चिरमुरे आणि साखरेचा चहा म्हणजे काय हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी तेच खाल्लं असतं, दुसरं नव्हतंच.

आणि घरात आधी मालक, मग मुलगी, मग सासूबाई, मग मी. हे कुणी मला सांगितलेलं नाही, जबरदस्ती पण नाही, आमच्या आईचं पण तसंच होतं. भांड्याच्या बुडाला राहील ते आपलं. शाळा चालू असली की मला त्याचं काही वाटायचं नाही कारण दुपारी शाळेत पोरं जेवल्यावर आम्ही स्वयंपाकाच्या बायका तिथंच जेवायचो, सांबार-भात, कधी उप्पीट, पोटभर. आता मागं वळून बघितलं की कळतं, वर्षातले दहा महिने मला त्या शाळेच्या ताटानं सांभाळलं. गोळी सकाळी, आणि दुपारी बाराच्या आत-बाहेर ताट ठरलेलं. सुट्टी लागली की ते ताट गेलं, गोळी मात्र तशीच राहिली.

आता इथं एक गोष्ट अशी झाली की जी मला फार उशिरा लक्षात आली. दवाखान्यात शुगरचा दिवस महिन्यातून एकदा, तिसरा मंगळवार. म्हणजे रेशन आल्यावर चार-पाच दिवसांनी. आठ-दहा दिवस अर्धपोटी काढल्यावर तांदूळ आला की माणूस काय करतं, दोन्ही वेळा ताटभर भात खातं. त्या आठवड्यात माझी शुगर दर वेळी २४०, २६०, एकदा २९०. मग डॉक्टर म्हणायचे, पथ्य पाळत नाहीस, भात बंद कर. आणि गोळी वाढवायचे. ग्लिमेपिराइड एकची दोन झाली, मग संध्याकाळी पण एक सुरू झाली. मी खाली मान घालून हो म्हणायची. त्यांनी विचारलं, वेळेवर जेवतीस ना? मी म्हटलं, आत्री. त्यांच्या मागं साठ माणसं बसलेली असायची, त्यांची चूक काढायला मला जमत नाही, त्यांच्यापुढं जो आकडा होता तो खराच होता. पण तो आकडा भरल्या पोत्याच्या आठवड्यातला होता, रिकाम्या आठवड्यात माझं बोट कुणी टोचलंच नाही.

एप्रिल २०२३, शाळेला सुट्टी लागली, मी काजू गोळा करायला मजुरीवर गेले. सकाळी कोरा चहा, चिरमुरे, गोळी घेतली आणि निघाले, भाकरी बांधून घ्यायला घरात पीठ नव्हतं. अकराच्या सुमाराला हात कापायला लागले, घाम असा फुटला की चोळी पिळून निघेल, छातीत धडधड, आणि डोळ्यापुढं काजवे. बायका म्हणाल्या ऊन लागलं, सावलीत बस. एकीनं दोन-तीन काजूचे बोंडू हातात दिले, ते चोखून खाल्ले, पंधरा-वीस मिनिटात बरं वाटलं, उठून परत कामाला लागले. आम्ही सगळ्या म्हटलं ऊनच होतं. आता माहीत आहे ते ऊन नव्हतं, शुगर उतरली होती आणि त्या बोंडूच्या गोड रसानं मला वर काढलं होतं. त्या बाईला पण माहीत नव्हतं तिनं काय केलं ते.

मग मे. विधानसभेचं मतदान १० तारखेला झालं आणि १२ ला पहाटे. रात्री थोडी पेज होती ती सासूबाईंना आणि मुलीला दिली, मी मूठभर चिरमुरे खाल्ले, गोळी मात्र घेतली, डॉक्टरांनी गोळी चुकवू नको म्हणून दोनदा बजावलं होतं ना. पुढचं मला काही आठवत नाही, मुलीनं सांगितलेलं लिहितेय. पहाटे मी उठून भिंतीकडं तोंड करून काहीतरी बोलत होते, शाळेच्या पोरांना वाढतेय असं, हाक मारली तर ओळखेना. सासूबाई म्हणाल्या, काय गे, अशी का बोलूलालीस? त्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, त्या अंगारा आणायला उठल्या. मुलीनं हात लावला तर अंग थंड आणि पाण्यानं ओलं. तिनं आशाताईंना (गावातल्या आशा कार्यकर्तीला) फोन केला, त्या दोन घरं सोडून राहतात म्हणून वाचले, त्यांच्याकडं शुगर बघायचं मशीन होतं. ४१. त्यांनी आधी १०८ ला फोन केला, मी गिळत होते म्हणून त्यांनी साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं दिलं (माणूस बेशुद्ध असलं तर तोंडात काहीच घालायचं नाही, घशात जाऊन गुदमरतं, हे त्यांनी मुलीला तिथंच सांगितलं), मग गाडी आली, तालुक्याला नेलं, ग्लुकोजची सलाईन लावली.

तिथं मला दोन दिवस ठेवून घेतलं. मला वाटत होतं बरं वाटतंय तर सोडा की, भट्टीचा खाडा होतोय मालकांचा. पण तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या ही गोळी अंगात बराच वेळ राहते, आता साखर वर आली तरी परत उतरू शकते. त्या विजापूरकडच्या, मराठी तोडकंमोडकं, माझं कन्नड बाजारापुरतं. त्यांनी पण सकाळी येऊन विचारलं, ऊट आतेन्री अक्का? मी म्हटलं आत्री. त्या पुढं गेल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, काय जेवलात? कधी? त्याच्या आधी कधी? घरात शेवटी कोण जेवतं? तांदूळ कुठल्या तारखेला संपतो?

तांदूळ कुठल्या तारखेला संपतो. हा प्रश्न मला दीड वर्षात कुठल्याच दवाखान्यात कुणी विचारला नव्हता. मी रडले. लाज वाटत होती, मुलगी उभी होती, बाजूच्या खाटेवरची बाई ऐकत होती. पण मग सगळं सांगितलं, पाच तारीख, पंधरा तारीख, शाळेचं ताट, चिरमुरे, सगळं.

त्यांनी एका कागदावर काढून दाखवलं ते मी माझ्या भाषेत सांगते. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला ढोसते, इन्सुलिन सोड म्हणून. तुम्ही जेवलात का नाही ते तिला कळत नाही. ताटात अन्न असलं तर त्या इन्सुलिनला काम मिळतं, नसलं तर ते रक्तातली आहे तीच साखर ओढून घेतं आणि ७० च्या खाली गेलं की घाम, कापरं, धडधड सुरू होतं, आणखी खाली गेलं की डोकं काम करायचं बंद होतं. मेटफॉर्मिनचं तसं नाही, ती एकटी असली तर सहसा साखर पाडत नाही, फक्त रिकाम्या पोटी मळमळ-जुलाब करते. म्हणजे माझ्या दोन गोळ्या एकसारख्या नव्हत्या आणि मी दोन्ही एकाच घोटात घेत होते. आणि त्या तीन महिन्याच्या सरासरीच्या टेस्टचं पण सांगितलं. माझी ८.२ आली होती, त्यावरून वाटेल थोडी जास्त आहे, पण ती सरासरी आहे, दहा दिवस खड्ड्यात आणि दहा दिवस डोंगरावर असलं तरी सरासरी मधलीच दिसणार. माझ्यासारखीचा खड्डा त्या टेस्टमध्ये दिसतच नाही.

त्यांनी ग्लिमेपिराइड बंद केली. मेटफॉर्मिन ठेवली, जेवणानंतर, आणि सिटाग्लिप्टीन म्हणून दुसरी दिली, ती या दोघींच्या जोडीत साखर एकदम खाली पाडत नाही म्हणाल्या. ती आमच्या सरकारी दवाखान्यात नसते, जनऔषधी दुकानातून आणावी लागते, तिथं बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडते. आणि एक वाक्य बोलल्या, तुमची शुगर थोडी वर राहिली तरी चालेल, खाली जायला नको. हे वाक्य ऐकून मला केवढं हलकं वाटलं ते सांगता येत नाही, दीड वर्ष मी फक्त कमी कर, कमी कर हेच ऐकत होते. (कुणी हे वाचून आपली गोळी आपणच बंद करू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं, इन्सुलिनवाल्यांचं तर अगदीच वेगळं. पण आज जेवायला नाही तर ही गोळी घेऊ का, हे जाऊन विचारा. लाजू नका.)

घरी आल्यावर मी वहीत लिहायला सुरुवात केली. मुलीनं रेघा मारून दिल्या, तारीख, काय खाल्लं, किती वाजता, आणि आशाताई आल्या की आकडा. दोन महिन्यातच दिसलं, माझी शुगर माझ्या पथ्यानं चालतच नव्हती, रेशनच्या तारखेनं चालत होती. पंधरा ते पंचवीस वर, पाचनंतर खाली, गोळी बदलल्यावर खालचे आकडे ९० च्या आत येईनात पण उतार तसाच. मुलगी आता बेळगावात नर्सिंगला आहे, तिनं परवा सांगितलं की अमेरिकेत कॅलिफोर्नियात दवाखान्यांच्या नोंदी काढून बघितल्या होत्या, २०१४ मध्ये छापून आलं, गरीब वस्तीतली माणसं साखर उतरून ऍडमिट व्हायचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्के जास्त, आणि पैसेवाल्यांच्या वस्तीत असा फरक नाही. तिकडं महिनाअखेरीला पैसे संपतात, आमच्याकडं पाच तारखेला तांदूळ. मी तिला म्हटलं, म्हणजे तिकडं पण कुणीतरी माझ्यासारखी पेज दुसऱ्याला वाढत असेल.

मग खाण्याचं काय केलं. ओट्स वगैरे काही नाही. भावाचं शेत कणकुंबीच्या बाजूला डोंगरात आहे, तिथं नाचणी होते, त्यानं दिवाळीनंतर अर्धं पोतं दिलं. हुलगे घेतले. आणि माझी एकच अक्कल मी त्यात लावली, रेशन आलेल्या दिवशीच हुलगे आणि नाचणी एका पत्र्याच्या डब्यात भरून वर ठेवायची, हात लावायचा नाही, ती पाच तारखेनंतरची. आधी उलटं व्हायचं, भात आहे तोपर्यंत वर भाकरी पण करायचो आणि नंतर काहीच नाही. आता भात असतो तेव्हा वाटीनं मोजून, सोबत हुलग्याचा कट नाहीतर शेवग्याचा पाला (परसात झाड आहे, त्याला पैसे पडत नाहीत), आधी भाजी-उसळ खायची आणि मग भात, तेवढ्यानं पण आकड्यात वीस-तीसचा फरक पडलेला वहीत दिसतोय. रिकाम्या दिवसात नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. आंबील मला फार आवडते पण पातळ आंबील लवकर चढते, भाकरी सावकाश, हे माझ्यापुरतं वहीवरून कळलेलं. चिरमुरे पूर्ण सुटले नाहीत. खोटं कशाला लिहू.

पदराच्या गाठीत तीन चमचे साखर कागदात बांधून ठेवते. कापरं आलं की ती लगेच खायची, पंधरा मिनिटं बसायचं, कमी झालं नाही तर परत तेवढीच, आणि बरं वाटलं की वर काहीतरी खरं जेवण. बिस्किट-चॉकलेट नको म्हणतात, त्यातल्या तुपातेलानं साखर उशिरा चढते. आता ती गोळी नाही तरी सवय ठेवलीय, माझ्यासाठी नसली तरी काजूच्या बागेत दुसऱ्या कुणाला लागते. गेल्या वर्षी लागली पण.

सरकारच्या योजनांचं पण लिहायलाच पाहिजे कारण माझ्या वहीत त्या दिसतात. जून २०२३ पासून बायकांना बस फुकट झाली, तेव्हापासून मी बेळगावला तपासायला जायचं टाळत नाही, आधी तिकिटाच्या पैशात दोन दिवसांची भाजी यायची म्हणून पुढं ढकलायची. जुलैपासून जास्तीच्या तांदळाऐवजी माणशी १७० रुपये खात्यावर यायला लागले, चौघांचे ६८०. वेळेवर यायचे नाहीत, पण यायचे तेव्हा मी ज्वारी आणि तूरडाळ घ्यायची, आणि त्याच काळात माझी सरासरी ७.४ आली, सगळ्यात चांगली. २०२५ मध्ये पैसे बंद होऊन परत माणशी १० किलो तांदूळ सुरू झाला. घर खूश, सासूबाई खूश, पाच तारखेचा खड्डा बराच भरला, मी पण खूश आहे कारण उपाशी दिवस काय असतो ते मला माहीत आहे. पण डाळ परत कमी झाली, भात वाढला, सरासरी ७.९. भुकेला तांदूळ पुरतो, शुगरला पुरत नाही. त्यातला थोडा तांदूळ कमी करून डाळ नाहीतर ज्वारी दिली तर माझ्यासारखीला फार फरक पडेल, हे मी ग्रामसभेत उठून बोलले पण. पहिल्यांदाच बोलले. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० येतात तेव्हा पहिली सिटाग्लिप्टीन आणते, नाहीतर ते पैसे घरात कुठं जातात कळत नाही.

घरात एक बदल झाला तो मी मागितलेला नव्हता. सासूबाई आता मला आपल्याबरोबर बसवतात. वाढून झालं की म्हणतात, बस गे, माझ्यासमोर जेव. त्या पहाटेनंतर त्यांनी कधी त्याबद्दल बोललं नाही, पण मी जेवल्याशिवाय त्या हात धुवत नाहीत.

जवळच्या दवाखान्यात पण मी वही घेऊन जाते. डॉक्टर बदलले, नवीन आहेत. मागच्या मंगळवारी त्यांनी विचारलं, ऊट आतेन्री? मी म्हटलं, इल्लरी, अजून नाही, काल रात्री एक भाकरी खाल्लीय आणि तांदूळ आला चार दिवसांपूर्वी, वहीत बघा. त्यांनी वही घेतली आणि मागची दोन पानं वाचली, मग आकड्याशेजारी रेशनची तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं केसपेपरवर लिहिली.

दसऱ्याची सुट्टी लागायला नऊ दिवस आहेत. म्हणजे शाळेचं ताट परत बंद. डबा काल उतरवून बघितला, हुलगे अडीच किलो आहेत, नाचणी चारच्या आसपास, घरातल्या सगळ्यांनी खाल्लं तर पुरणार नाही म्हणून भावाला फोन केलाय, रविवारी येतो म्हणालाय.